प्लास्टिक अस्तराचे शेततळे (जालना जिल्हा)

प्लास्टिक अस्तराचे शेततळे म्हणजे जमीन काही प्रमाणात खोदून, निघालेल्या मातीचा भोवती भराव घालून आणि आतील सर्व बाजू जाड प्लास्टिकने झाकून तयार केलेला पाण्याचा साठा होय. या अस्तराला बोलीभाषेत 'पन्नी' किंवा 'कागद' म्हणतात. महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील जालना जिल्ह्यात मोसंबी, द्राक्ष व डाळिंबाच्या बागा उन्हाळ्यात जगवण्यासाठी अशी तळी मोठ्या संख्येने बांधली गेली आहेत. त्यांतील बरीच तळी पूर्णपणे जमिनीत नसतात. त्यांचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग जमिनीच्या पातळीवर उभा असतो आणि वाटसरूला दुरून ती मातीच्या चौकोनी गढीसारखी दिसतात. पाणी भरावाच्या आत, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंचावर राहते. त्यामुळे तळ्यात पाणी कोठून व कसे येणार हा प्रश्न बांधणीच्या पहिल्या दिवशीच ठरून जातो.

पार्श्वभूमी

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांच्या भागांतून निर्माण झाला. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, तर पूर्णा, दुधना व कुंडलिका या नद्या जिल्ह्याच्या अंतर्भागातून जातात. अंबड, घनसावंगी व परतूर तालुक्यांच्या काही भागाला जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा लाभ होतो. उर्वरित बहुतेक शेती पाऊस आणि विहिरींवर अवलंबून आहे. वार्षिक पाऊस सरासरी ६५० ते ७५० मिमीच्या आसपास असून तो प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो.

खाली दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट आहे. या खडकाच्या वरच्या, झिजलेल्या व भेगाळलेल्या थरात पाणी साठते. खालचा अखंड पाषाण पाणी फारसे धरत नाही. पावसाळ्यात काठोकाठ भरलेली विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते, याचे कारण हा थर उथळ आहे. फळबागेला नेमकी त्याच वेळी पाण्याची गरज असते. मोसंबीचा आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो आणि कोवळी फळे मे अखेरपर्यंत झाडावर टिकवावी लागतात. २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. पंधरा-वीस वर्षांची उत्पादनक्षम झाडे तोडून सरपण म्हणून विकावी लागली, तर काहींनी टँकरचे पाणी विकत घेऊन बागा वाचवल्या. हंगामी पीक बुडाले तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. बाग गेली तर नवी बाग फळावर येईपर्यंत पाच-सहा वर्षे जातात. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या अलीकडचा काळ हा असा होता.

पाणी साठवून वापरण्याची कल्पना जिल्ह्याला नवी नाही. जालना शहराचा मोती तलाव आणि निजामकाळात बांधलेला घाणेवाडीचा जलाशय ही त्याची जुनी उदाहरणे आहेत. मात्र ते सार्वजनिक साठे होते. एका शेतकऱ्याने आपल्या एका बागेपुरते, स्वतःच्या खर्चाने व कर्जाने बांधलेले तळे ही गेल्या दोन-तीन दशकांतील गोष्ट आहे.

कडवंची

या संदर्भात जालना तालुक्यातील कडवंची या गावाचा उल्लेख राज्यभर होतो. १९९६ नंतर भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमांतर्गत येथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती, समतल चर व नालाबांध अशी कामे झाली. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ ही संस्था व तिच्यामार्फत चालणारे खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र यांनी ती राबवली. या कामांशी विजयअण्णा बोराडे यांचे नाव जोडले गेले आहे. पाणलोटाच्या कामांमुळे विहिरींचे पाणी वाढले, त्यानंतर गावात द्राक्षबागा आल्या आणि बागांच्या पाठोपाठ अस्तराची शेततळी आली. आज गावात शेकडो तळी आहेत.

हा क्रम महत्त्वाचा आहे. कडवंचीत आधी पाणी जमिनीत मुरवले गेले, मग ते साठवले गेले. गावाला भेट देणारे पुष्कळजण तळ्यांची छायाचित्रे घेऊन परततात, कारण समतल चर छायाचित्रात उठून दिसत नाहीत. मुरवण्याचे काम न करता केवळ तळी बांधणाऱ्या गावांना तोच परिणाम मिळेल असे मानण्यास आधार नाही.

शासकीय योजना

राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातून सामूहिक शेततळ्यांना अनुदान मिळू लागले. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू केली. तीत १५ × १५ × ३ मीटरपासून ३० × ३० × ३ मीटरपर्यंतची आकारमाने होती व अनुदानाची कमाल मर्यादा ५०,००० रुपये होती. हे अनुदान खोदकामासाठी होते. अस्तराचा खर्च शेतकऱ्याने स्वतः करावयाचा होता. २०२२ पासून वैयक्तिक शेततळ्याचा समावेश मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत झाला आणि मर्यादा ७५,००० रुपये करण्यात आली. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवल्या गेलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही जालना जिल्ह्याचा समावेश होता.

आकारमान व क्षमता

तळ्याच्या बाजू उभ्या ठेवता येत नाहीत. त्यांना उतार द्यावा लागतो, नाहीतर माती ढासळते. कठीण मुरमात १:१ उतार चालतो, म्हणजे एक मीटर खोलीमागे बाजू एक मीटर आत येते. भराव असेल तेथे १:१.५ उतार अधिक सुरक्षित असतो. या उतारामुळे ३० × ३० × ३ मीटर तळ्याची क्षमता लांबी, रुंदी व खोलीच्या साध्या गुणाकाराइतकी, म्हणजे २७०० घनमीटर नसते.

क्षमता काढण्यासाठी वरचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि मधल्या पातळीवरील क्षेत्रफळाची चौपट यांची बेरीज करून तिला खोलीने गुणतात व ६ने भागतात. १:१ उताराच्या वरील तळ्यात तळ २४ × २४ मीटर व मधला छेद २७ × २७ मीटर येतो. तिन्हींची बेरीज ९०० + २९१६ + ५७६ = ४३९२ होते आणि क्षमता २१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर भरते. उतार १:१.५ केल्यास ती १९७१ घनमीटर होते. शिवाय लाटा व अवचित पावसासाठी वरची सुमारे अर्धा मीटर जागा मोकळी ठेवावी लागते. १:१ उताराच्या तळ्यात एवढ्या जागेत सुमारे ४३५ घनमीटर पाणी मावले असते. त्यामुळे कागदोपत्री '२२ लाख लिटरचे' तळे प्रत्यक्षात साडेसतरा लाखांचे असते.

६ × ६ मीटर अंतरावर लावलेल्या मोसंबीची हेक्टरी २७७ झाडे बसतात. उन्हाळ्यात ठिबकमधून प्रत्येक झाडाला दिवसाला १०० लिटर द्यावयाचे ठरवले तर रोज २७.७ घनमीटर आणि चार महिन्यांत ३३००हून अधिक घनमीटर पाणी लागेल. म्हणजे ३० × ३० × ३ मीटरचे तळेही एक हेक्टर बाग एकट्याच्या बळावर उन्हाळाभर पूर्ण पाण्यावर ठेवू शकत नाही. ते विहिरीला जोड देते, किंवा कमी पाण्यावर झाडे केवळ जिवंत राखते. तळे किती मोठे करावे यापेक्षा तळ्यामागे किती बाग ठेवावी हा हिशेब आधी करणे इष्ट ठरते.

बाष्पीभवन

अस्तर पाझर थांबवते, बाष्पीभवन थांबवत नाही. मराठवाड्यात उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून वर्षाला साधारणपणे दोन मीटर उंचीचे पाणी उडून जाते. त्याचा मोठा वाटा फेब्रुवारी ते मे या काळातला असतो. या चार महिन्यांत दिवसाला सरासरी ८ मिमी धरले तरी पातळी जवळजवळ एक मीटरने उतरते. काठोकाठ भरलेले ३० × ३० × ३ मीटरचे तळे न वापरता तसेच ठेवले, तर वरच्या एका मीटरच्या थरातील सुमारे ८४० घनमीटर पाणी, म्हणजे एकूण साठ्याच्या ३८ टक्के, हवेत जाते.

येथे लहान तळ्याची गैरसोय लक्षात येते. १५ × १५ × ३ मीटर तळ्याची क्षमता ४४१ घनमीटर असते आणि त्याच एका मीटरच्या घटीत त्यातील १९६ घनमीटर, म्हणजे ४४ टक्के पाणी जाते. याउलट ३० × ३० मीटरचेच तळे ५ मीटर खोल केले तर क्षमता सुमारे ३१६७ घनमीटर होते, उडणारे पाणी मात्र तेवढेच राहते आणि तोटा २७ टक्क्यांच्या आत येतो. बाष्पीभवन पृष्ठभागावर ठरते, साठा खोलीवर. म्हणून अनुभवी शेतकरी तळे रुंद करण्याऐवजी खोल किंवा उंच करण्याकडे वळले. वाऱ्याच्या बाजूला शेवगा किंवा सुबाभूळ लावणे, लहान तळ्यावर शेडनेट ताणणे हेही उपाय केले जातात. मोठ्या तळ्यावर जाळी ताणण्यासाठी लागणारा सांगाडा मात्र बहुतेकांना परवडत नाही.

भराव

तळे जमिनीवर उचलण्यामागे खडक हे मुख्य कारण आहे. जिल्ह्याच्या पुष्कळ भागांत वरची काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि दोन-तीन मीटरवर कठीण पाषाण लागतो. त्यापुढे पोकलेनचे तासाचे भाडे वाढत जाते, कधी सुरुंगाची गरज पडते. त्याऐवजी निम्मी खोली खोदून निम्मी उंची भरावाने साधली, तर खोदलेली माती वाहून टाकावी लागत नाही आणि एकच काम दोनदा उपयोगी पडते.

वरील ३ मीटर खोलीच्या तळ्यात दीड मीटर जमिनीखाली व दीड मीटर वर असे ठेवले, तर सुमारे ९७५ घनमीटर खोदाई होते. माथा दीड मीटर रुंद व बाहेरील उतार १:१.५ असा भराव करायला सुमारे ६४० घनमीटर माती लागते. वरची अर्धा मीटर काळी माती बाजूला काढली तर खोदाईतून ६२५ घनमीटरच्या आसपास मुरूम उरतो. हा मेळ जवळजवळ बसतो आणि काळी माती शेतात पसरता येते.

काळी माती भरावात वापरू नये, हा नियम मोडल्याने अनेक तळी निकामी झाली आहेत. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की हातभर खोल भेगा पडतात. तिच्यावर ताणलेले प्लास्टिक प्रत्येक ऋतूत ओढले जाते. भराव मुरमाचा किंवा पिवळ्या मातीचा असावा आणि तो २० ते ३० सेंमीच्या थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून, रोलरने दाबत उचलावा. ट्रॉल्या रिकाम्या करून वर यंत्र फिरवणे म्हणजे दबाई नव्हे. असा भराव पहिल्या भरणीनंतर बसतो, माथा खाली-वर होतो आणि सर्वांत खालच्या जागेवरून पाणी ओसंडून भराव कापत जाते. तळ्यातील बरेचसे पाणी जमिनीच्या वर धरलेले असते. भराव फुटला तर ते शेजाऱ्याच्या शेतातून जाते. वस्ती, गोठा किंवा रस्त्याच्या वरच्या अंगाला तळे घेऊ नये, ते याच कारणाने.

भरावातून आरपार पाइप घालण्याचा मोह टाळावा. पाइप व मातीच्या सांध्यातून पाणी वाट काढते. माथ्यावरून सोडलेला नळ किंवा तरंगत्या फुटबॉलसह मोटर वापरणे अधिक सुरक्षित असते. गाळ तळाशी बसत असल्याने वरच्या थरातून घेतलेले पाणी ठिबकच्या गाळणीलाही सोयीचे पडते.

अस्तर

सामान्यतः ५०० मायक्रॉन जाडीचे उच्च घनतेच्या पॉलिथिलीनचे कापड वापरतात. विणलेल्या व लेपित अस्तरासाठी भारतीय मानक १५३५१ लागू आहे आणि अनुदानासाठी त्या चिन्हाची विचारणा होते. ३० × ३० × ३ मीटर तळ्यात तळाचे २४ मीटर, दोन्ही उतारांचे मिळून साडेआठ मीटर आणि माथ्यावर व चरात दाबण्यासाठी प्रत्येक बाजूला दीड मीटर धरले, तर अस्तराची बाजू साडेपस्तीस मीटर होते. म्हणजे सुमारे १२६० चौरस मीटर कापड लागते.

कापड अंथरण्यापूर्वीचे काम कंटाळवाणे, पण निर्णायक असते. टोकदार दगड, मुळ्या, पऱ्हाटीचे सड वेचावे लागतात व वर चाळलेल्या मातीचा थर द्यावा लागतो. पाण्याचा भार आल्यावर एखादा टोचणारा खडाही पुरेसा असतो. कापड सकाळी लवकर किंवा सायंकाळी अंथरतात, कारण दुपारच्या उन्हात ते पसरते आणि रात्री आखडून ताणले जाते. थोडा ढिलेपणा मुद्दाम ठेवावा लागतो. पट्ट्यांचे सांधे यंत्राने उष्णता देऊन जोडतात. माथ्यावर भोवताली चर खणून त्यात कडा सोडतात आणि माती दाबतात. रिकाम्या तळ्यातील कापड वारा उचलतो, म्हणून उन्हाळ्याच्या शेवटीही तळाशी फूटभर पाणी राखतात किंवा वाळूच्या पिशव्या ठेवतात. पावसाळ्यात भोवतीचे भूजल वर आले तर रिकाम्या तळ्यातील अस्तर खालून फुग्यासारखे उचलले जाते. उंच भरावाच्या तळ्यात हा धोका कमी असतो.

उंदीर, रानडुक्कर व रोही हे अस्तराचे नेहमीचे शत्रू आहेत. तहानलेला रोही उतारावर घसरला की खुरांनी कापड फाडतो आणि बहुधा स्वतःही बुडतो.

पाझर होतो आहे की केवळ बाष्पीभवन, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. पाण्याने भरलेली बादली तळ्याच्या कडेला बुडत्या अवस्थेत बांधून ठेवतात आणि मोटर बंद असताना चार-पाच दिवसांत दोन्हीकडील पातळी किती उतरली ते मोजतात. तळ्यातील घट बादलीतील घटीपेक्षा स्पष्टपणे जास्त असेल, तर कापडाला छिद्र आहे.

सुरक्षितता

अस्तराच्या तळ्यात पडलेल्या व्यक्तीला, पोहता येत असले तरी, बाहेर येणे कठीण असते. ओल्या, शेवाळलेल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही व हाताला धरायला काही नसते. महाराष्ट्रात अशा तळ्यांत बुडून झालेल्या मृत्यूंच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात आणि त्यांत मुलांची संख्या मोठी असते. अनेकदा पडलेल्याला काढायला उतरलेला दुसराही बुडतो. तारेचे कुंपण व कुलूपबंद फाटक हा पहिला उपाय आहे. चारही उतारांवर गाठी मारलेले दोर तळापर्यंत सोडणे, जुन्या टायरांची शिडी बांधणे आणि हवेने भरलेली ट्यूब पाण्यात ठेवणे यांना लागणारा खर्च अस्तराच्या खर्चापुढे नगण्य आहे. तरीही हे काम बहुधा 'नंतर करू' म्हणून राहून जाते.

मत्स्यपालन

रोहू, कटला व मृगळ हे मासे या तळ्यांत सोडले जातात. माशांच्या विष्ठेमुळे पाण्यात नत्र वाढते व ते ठिबकमधून बागेला मिळते. मात्र एप्रिल-मेमध्ये पाणी उतरले की मासे दाटीने राहतात व प्राणवायू कमी पडतो. त्यामुळे विक्री त्याआधी करावी लागते. डासांसाठी गप्पी मासे सोडतात.

पाण्याचा स्रोत व वाद

शेततळ्याची मूळ कल्पना वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवण्याची होती. त्यासाठी तळे उताराच्या खालच्या टोकाला, जमिनीच्या पातळीखाली असावे लागते. पाणी आत येण्यापूर्वी गाळ टाकीतून जाते व जास्तीचे सांडव्यातून निघते. भरावावर उभारलेल्या तळ्यात वाहते पाणी आपोआप शिरू शकत नाही. त्यात फक्त आकाशातून पडणारा पाऊस येतो. ७०० मिमी पावसात ३० × ३० मीटर तळ्याला वर्षाला ६३० घनमीटर पाणी मिळते, तर दोन मीटरच्या हिशेबाने वर्षभर भरलेल्या तळ्यातून त्याच्या दुपटीहून अधिक पाणी उडून जाते. असे तळे स्वतःच्या पावसावर स्वतःचे बाष्पीभवनही भागवू शकत नाही. ते मोटरने भरावे लागते आणि ते पाणी विहिरीतून किंवा कूपनलिकेतून येते.

संशोधक ईश्वर काळे यांनी २०१७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नियतकालिकात महाराष्ट्रातील शेततळ्यांच्या अशा वापरातील अडचणी मांडल्या. आक्षेपाचा गाभा सोपा आहे. जमिनीखालील सामायिक पाणी एकाच्या तळ्यात आले की ते त्याच्या मालकीचे होते आणि उन्हात उघडेही पडते. ज्याच्याकडे तळे बांधायला पैसे नाहीत त्याची विहीर लवकर आटते.

शेतकऱ्यांची बाजूही दुर्लक्षण्याजोगी नाही. पावसाळ्यात तुडुंब भरलेल्या विहिरीतील पाणी पुढे नाल्यातून निघून जाणारच असते. जुलै ते सप्टेंबरमध्ये ते उपसून ठेवले तर विहीर पुन्हा भरते आणि शेजाऱ्याचे काही कमी होत नाही. हा युक्तिवाद त्या तीन महिन्यांपुरता व चांगल्या पावसाच्या वर्षापुरता खरा आहे. पावसाने ओढ दिली की तीच मोटर नोव्हेंबरात व डिसेंबरातही चालू राहते आणि तेव्हा विहीर पुन्हा भरत नाही. तळे एकच असते, ते कोणत्या महिन्यात भरले यावर त्याचा परिणाम ठरतो.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ मध्ये ६० मीटरहून खोल विहिरींवर नियंत्रणाची तरतूद आहे. शेततळे कोणत्या महिन्यात व कशाने भरावे हे मात्र व्यवहारात गावावरच सोडलेले आहे. पाणलोटाची कामे झालेल्या गावांत त्याविषयी बोलणे तुलनेने सोपे जाते, कारण पाणी कोठून येते हे तेथील लोकांनी चर खोदताना पाहिलेले असते.